पॅरिस-नीससारख्या आठवडाभराच्या सायकल शर्यतींतले डावपेच कसे ओळखायचे?

तुम्ही विचारलंय की टूर द फ्रान्स बघताना काय चाललंय ते कळतं, पण पॅरिस-नीस, तिरेनो-आद्रियातिको, रोमांदी अशा आठवड्याभराच्या शर्यती लावल्या की घोळका तासन्‌तास नुसता पळताना दिसतो, आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत काहीतरी घडून शर्यत संपूनही जाते. मग नेमकं बघायचं काय?

मी कोल्हापुरात राहतो, सायकल चालवतो, आणि या शर्यती माझ्या फार आवडीच्या आहेत. टूरपेक्षाही जास्त. युरोपातला टप्पा आपल्याकडं रात्री साधारण साडेआठ-नऊला संपतो, त्यामुळं ऑफिस, दुकान आटोपूनही शेवटचा दीड तास आरामात बघता येतो. त्या दीड तासात मी स्वतःला सारखा एकच प्रश्न विचारतो: आत्ता पुढं गेलेल्यांचा पाठलाग करण्याची गरज कुणाला आहे? कोण जोरात आहे, कोण दमलाय हे नंतर. गरज कुणाची हे कळलं की घोळक्याच्या पुढं कुठली जर्सी का आली, कोण मुद्दाम मागं बसलाय, हे आपोआप उलगडत जातं.

गरज कुणाची हे ठरतं सेकंदांवरून, कारण सगळ्या टप्प्यांच्या वेळेची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो शर्यत जिंकतो. टूर तीन आठवड्यांची असते, तिथं पहिल्या दोघांत मिनिटांचं अंतर पडू शकतं. आठवड्याच्या शर्यतीत तेवढा वेळच नसतो. पॅरिस-नीसचीच सलग तीन वर्षं घ्या. 2016 मध्ये गेरेंट थॉमस अल्बर्तो कोंतादोरपेक्षा 4 सेकंदांनी पुढं राहून जिंकला. 2017 मध्ये सेर्जिओ एनाओ त्याच कोंतादोरला 2 सेकंदांनी भारी पडला. 2018 मध्ये मार्क सोलेरनं सायमन येट्सला 4 सेकंदांनी मागं टाकलं. आठ दिवसांची शर्यत, हजाराहून जास्त किलोमीटर, आणि फरक दोन सेकंदांचा! 2016 च्या तिरेनोत तर हवामानामुळं डोंगराचा मुख्य टप्पाच रद्द झाला आणि ग्रेग व्हान आव्हरमाट पीटर सागानपेक्षा फक्त 1 सेकंदानं जिंकला. 2018 च्या ऑस्ट्रेलियातल्या टूर डाउन अंडर शर्यतीत डॅरिल इम्पी आणि रिची पोर्ट यांची एकूण वेळ अगदी सारखी आली. शेवटी सगळ्या टप्प्यांतले क्रमांक मोजून इम्पीला विजेता ठरवलं.

म्हणून बोनस सेकंदांकडं, म्हणजे बक्षीस म्हणून एकूण वेळेतून वजा होणाऱ्या सेकंदांकडं, दुर्लक्ष करू नका. बहुतेक शर्यतींत टप्पा जिंकणाऱ्याला 10, दुसऱ्याला 6, तिसऱ्याला 4 सेकंद मिळतात. वाटेतल्या स्प्रिंटला, म्हणजे मध्येच आखलेल्या रेषेपर्यंतच्या वेगवान धावेला, साधारण 3, 2, 1. टूरमध्ये डोंगरवीर असल्या स्प्रिंटकडं बघतही नाहीत. इथं मात्र एकूण क्रमवारीतला पहिला माणूस मधल्या स्प्रिंटला दोन सेकंदांसाठी सीटवरून उठून पळताना दिसतो. ते दृश्य दिसलं की समजा, त्याच्या संघानं हिशेब मांडलाय आणि फरक अगदी थोडा राहणार याची त्यांना खात्री आहे.

2017 चा शेवटचा दिवस मी कितीही वेळा सांगू शकतो, कारण सगळे डावपेच त्या एका टप्प्यात आहेत. पॅरिस-नीसचा शेवटचा टप्पा नीसच्या मागच्या टेकड्यांत असतो, त्या वर्षी सुमारे 115 किलोमीटरचा. अंतर कमी आणि चढ एकामागून एक, त्यामुळं एका संघाला तो ताब्यात ठेवणं अवघड जातं. सकाळी कोंतादोर एनाओच्या 31 सेकंदांनी मागं होता. म्हणजे गरज त्याची. तो शेवटच्या चढाची वाट बघत बसला नाही, शेवट सुमारे 50 किलोमीटर लांब असतानाच सुटला. आता गरज पलटली आणि पाठलागाचं ओझं पिवळ्या जर्सीतल्या, म्हणजे एकूण क्रमवारीत पहिल्या असलेल्या, एनाओवर आलं. इथंच नवीन बघणाऱ्याचा गोंधळ होतो. मागच्या गटात एवढी माणसं आहेत, मग सगळे मिळून का ओढत नाहीत, म्हणजे आळीपाळीनं पुढं येऊन वारा अंगावर का घेत नाहीत? कारण बाकीच्यांचं कोंतादोर पुढं गेल्यानं फारसं बिघडत नाही. ते एनाओच्या चाकाला चिकटून बसतात आणि त्याला दमू देतात. पुढं कोंतादोरबरोबर दाविद दे ला क्रूस होता. त्याला एकूण शर्यत जिंकायची नव्हती, टप्पा जिंकायचा होता. शेवटी स्प्रिंटमध्ये टप्पा त्यानंच घेतला. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या बोनसमध्ये 4 सेकंदांचा फरक, आणि कोंतादोर एकूण शर्यत हरला 2 सेकंदांनी. टप्पा जिंकला असता तर शर्यत त्याची होती. एकाच रस्त्यावर तीन माणसं तीन वेगळी बक्षिसं शोधत होती. ते मला इतकं सुंदर वाटतं की मी त्या टप्प्याचा शेवटचा तास अजूनही अधूनमधून लावून बघतो.

गरजेचा दुसरा खेळ म्हणजे दोन मोठे एकमेकांकडं बघत राहतात आणि तिसरा निसटतो. 2014 च्या दोफिने या फ्रान्समधल्याच आठवडाभराच्या शर्यतीच्या शेवटच्या दिवशी कोंतादोर पहिला, क्रिस फ्रूम फक्त 8 सेकंदांनी दुसरा आणि अँड्र्यू टालान्स्की 39 सेकंदांनी तिसरा होता. टालान्स्की सुरुवातीलाच एका मोठ्या गटाबरोबर पुढं सटकला. कोंतादोरला वाटणार, फ्रूमच्या संघानं ओढावं. फ्रूमचा संघ म्हणणार, जर्सी तुझ्या अंगावर आहे. कोंतादोरला साथ द्यायला त्याचे साथीदार उरले नव्हते. शेवटी तो एकटाच पाठलागाला निघाला, पण टालान्स्की 27 सेकंदांनी शर्यत जिंकून गेला. गादीवरच्या कुस्तीत गुणांनी मागं असलेल्या मल्लालाच शेवटच्या मिनिटात अंगावर जावं लागतं, पुढं असलेला अंतर राखून खेळतो. सायकलीत फरक एवढाच की आखाड्यात तिसरा मल्लही उभा असतो.

साथीदारांचा हिशेबही ठेवा. 2018 पासून तीन आठवड्यांच्या मोठ्या शर्यतींत संघात आठ जण असतात, या शर्यतींत सात. नेता, म्हणजे ज्याला जिंकवायला संघ राबतो तो, वजा केला तर सहा. सपाटीवर घोळका ओढायला दोन-तीन, पहिल्या चढांना दोन, आणि शेवटच्या चढावर नेत्याजवळ राहील असा एखादाच. एक जण पडला किंवा आजारी पडला की संघ लगेच उघडा पडतो. म्हणून कॅमेरा घोळक्याच्या तोंडाशी गेला की एकाच रंगाच्या किती जर्स्या उरल्यात ते मोजायचं. 2022 च्या पॅरिस-नीसमध्ये शेवटच्या दिवशी सायमन येट्सनं हल्ला केला तेव्हा प्रिमोझ रोग्लिच डगमगला होता, पण त्याच्याजवळ वाउट व्हान आर्ट होता. व्हान आर्टनं त्याला चढावर आणि उतारावर अक्षरशः ओढत नीसपर्यंत आणलं, आणि रोग्लिचनं 29 सेकंदांनी शर्यत राखली. आदल्या वर्षी, 2021 मध्ये, हाच रोग्लिच 52 सेकंदांची आघाडी घेऊन निघाला आणि शेवटच्या दिवशी दोनदा पडला. शर्यत मॅक्स शाखमान घेऊन गेला.

आता वारा. पॅरिस-नीसचे पहिले दिवस मोकळ्या शेतांतून जातात, आणि सपाट टप्पा म्हणून लोक टीव्ही बंद करतात. माझं म्हणणं, तेच दिवस बघा. जून-जुलैत कागलच्या बाजूला हायवेनं सायकल नेली असेल तर तुम्हाला हे अंगानं माहीत असेल. वारा पश्चिमेकडून, म्हणजे बाजूनं येतो, आणि पुढच्याच्या थेट मागं राहून काही उपयोग होत नाही. त्याच्या डावीकडं तिरकं सरकावं लागतं. चौथा-पाचवा माणूस रस्त्याच्या कडेला पोचतो आणि सहाव्याला आडोशाला जागाच उरत नाही. युरोपात समालोचक या तिरक्या रांगेला एशलॉन म्हणतात. तिथं रस्ता अरुंद, घोळका दीडशेचा. वीसेक जणांची पहिली रांग रस्ता भरून टाकते, बाकीचे कडेच्या पट्टीत एकामागं एक ताणले जातात, आणि कुठंतरी दोन चाकांमध्ये फट पडते. ती फट दहा मिनिटांत मिनिटभराची होऊ शकते. ज्या शर्यती दोन-चार सेकंदांवर ठरतात तिथं एक मिनिट गेलं म्हणजे आठवडा गेला.

हे आधी ओळखता येतं. टप्प्याचा नकाशा उघडा आणि रस्ता कुठं काटकोनात वळतो ते बघा. वळणाच्या दोन-तीन किलोमीटर आधी एखादा संघ सगळी माणसं घेऊन पुढं सरकायला लागला, वेग वाढला, बाकीचे नेते धावपळ करत जागा धरायला लागले, की त्यांना वाऱ्याचं काहीतरी करायचंय हे नक्की. वारा समोरून असेल तर उलट. पावसाळ्यात गगनबावड्याकडं जाताना कळ्याच्या पुढं दोघा-तिघांनी मोठ्या गटातून सुटून जाणं किती जड जातं ते तिकडं जाणाऱ्यांना ठाऊक आहे. शेवटच्या चढावर समोरून वारा असेल तर मोठे हल्ले होत नाहीत, सगळे एकमेकांच्या मागं लपून शेवटच्या किलोमीटरची वाट बघतात. असा टप्पा कंटाळवाणा वाटला तरी त्यात कुणाची चूक नसते.

सकाळीच घोळक्यातून पुढं सुटलेल्या छोट्या गटाबद्दल एक जुना ठोकताळा आहे, फ्रेंच समालोचक रोबेर शापात याच्या नावानं ओळखला जाणारा: घोळका दर दहा किलोमीटरला एक मिनिट भरून काढतो. तीस किलोमीटर उरलेत आणि आघाडी दोन मिनिटांची असेल तर बहुधा पकडले जाणार. हल्लीच्या वेगाला तो तंतोतंत लागू पडत नाही, तरी अंदाज बांधायला चांगला आहे. मात्र त्या गटात एकूण क्रमवारीत जवळ असलेला कुणी आहे का हे आधी तपासा. असेल तर घोळका त्यांना मोकळं सोडत नाही. पुढच्या गटातले बाकीचे कधी कधी त्यालाच मागं जायला सांगतात, कारण त्याच्यामुळं सगळ्यांची संधी जाते.

वैयक्तिक टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे प्रत्येक जण एकटा घड्याळाविरुद्ध पळतो त्या टप्प्यात, डावपेच कमी. तिथं फक्त कोण किती सेकंदांनी मागं पडला ते लिहून घ्या, दुसऱ्या दिवशी गरज त्याची. पॅरिस-नीसनं 2023 पासून सांघिक टाइम ट्रायलमध्ये, जिथं अख्खा संघ एकत्र पळतो, एक छान बदल केला: प्रत्येकाला स्वतःची वेळ मिळते. त्यामुळं संघ आपल्या नेत्याला शेवटच्या चढावर दगडासारखं भिरकावून मोकळे होतात.

मी बसण्याआधी एका कागदावर पाच नावं, त्यांच्यातलं सेकंदांचं अंतर आणि त्या दिवशी किती बोनस शिल्लक आहेत एवढं लिहितो. मधल्या स्प्रिंटनंतर आकडे बदलतो. तुम्ही मार्चमध्ये पॅरिस-नीस आणि तिरेनो यांतली एकच निवडा, दोन्ही एकाच आठवड्यात येतात आणि दोन्हींचा हिशेब ठेवता येत नाही. मी पॅरिस-नीस सुचवीन. पहिले दोन सपाट टप्पे आणि शेवटचे दोन दिवस, एवढं जरी पूर्ण बघितलं तरी एप्रिलमध्ये बास्क प्रांतातली शर्यत सुरू होईल तेव्हा तिथल्या छोट्या तीव्र चढांवर कोण कुणासाठी ओढतोय हे तुम्हीच घरच्यांना सांगाल.