ग्लॉक १९ पिस्तुलाच्या मुठीवर रबरी ग्रिप स्लीव्ह (आवरण) कशी चढवायची?

आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटानेही खात्री करा. कोरडी स्लीव्ह चढत नाही, नुसती झटापट होते. आतून थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलं की ती सरकते, मग अल्कोहोल उडून जातं. तेल अजिबात नको, स्लीव्ह कायमची फिरत राहील. मॅगझिन रिलीजचं बटण मोकळं राहिलं पाहिजे. रिकामं मॅगझिन आपसूक खाली पडतंय ना, तेही बघा.

हात लहान असेल तर मात्र थांबा. जाडी वाढली की ट्रिगरपर्यंत बोट नीट पोचत नाही. आणि कपड्यांखाली बाळगणार असाल तर रबर शर्टाला धरून ठेवतं, पिस्तुलाचा उठाव दिसतो. अशा वेळी मी तरी खरखरीत ग्रिप टेपच लावेन.