स्टेशनाजवळचे फाटक : वाचकांचे प्रश्न

आमच्या गावात फाटक स्टेशनाला अगदी लागून आहे. गाडी फलाटावर निवांत उभी असते, तरी फाटक बंदच. गेटमन मुद्दाम अडवून ठेवतो का?

मुळीच नाही. त्याच्यावर चिडण्याआधी तो काय करू शकतो आणि काय नाही, हे समजून घ्या. सिग्नलशी जोडलेल्या, म्हणजे इंटरलॉक केलेल्या फाटकाचे दांडे पूर्ण खाली येऊन कुलूप बसल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही. सिग्नल दिल्यावर गाडी पार होईपर्यंत ते कुलूप निघत नाही.

स्टेशनाच्या टोकाला असलेल्या फाटकाची अडचण आणखी वेगळी. फलाटावर थांबणारी गाडी आत घ्यायची असली, तरी ती जिथे थांबणार त्या सिग्नलच्या पुढे साधारण 120 मीटर मार्ग मोकळा ठेवावा लागतो. ब्रेक लागायला जरा उशीर झाला आणि गाडी पुढे सरकली, तर त्यासाठी ही राखीव जागा. तुमचे फाटक त्या टप्प्यात येत असेल, तर गाडी थांबणार हे ठाऊक असूनही ते आधी बंद करावे लागते. त्यात एकेरी मार्ग असेल आणि समोरून दुसरी गाडी यायची असेल, तर ताटकळणे वाढते. मालगाडी लूप लाइनला, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर घेताना किंवा शंटिंग, म्हणजे डबे जोडण्या-काढण्यासाठी पुढेमागे नेणे, चालू असतानाही तेच होते. याची चीड येते हे मला मान्य आहे, पण ती गेटमनवर काढू नका.

काही फाटके अजून सिग्नलशी जोडलेली नाहीत. तिथे स्टेशन मास्तर फोनवर गेटमनला गाडीची सूचना देतो, आणि फाटक बंद झाल्याची खूण म्हणून दोघांत एका खासगी क्रमांकाची देवाणघेवाण होते. म्हणजे सगळी भिस्त माणसांवर. 8 जुलै 2025 रोजी तमिळनाडूत कडलूरजवळ अशाच एका फाटकावर शाळेची व्हॅन गाडीखाली आली आणि 3 विद्यार्थी गेले. त्यानंतर जास्त फाटके इंटरलॉक करण्याचा आणि फाटकांवर सीसीटीव्ही बसवण्याचा निर्णय झाला. तुमचे फाटक कोणत्या प्रकारचे आहे, हे स्टेशन मास्तरांना जरूर विचारा. तो प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

रुग्णवाहिका अडकली तरी फाटक उघडत नाहीत. माणुसकी नाही का?

प्रश्नामागची तळमळ कळते. पण ताशी 100 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे 28 मीटर जाते, आणि एवढ्या वेगातून थांबायला तिला किलोमीटरच्या आसपास अंतर लागू शकते. सिग्नल पुन्हा लाल करता येतो, पण जवळ आलेली गाडी तेवढ्यात थांबेलच असे नाही. म्हणून यंत्रणा ठरावीक वेळ गेल्याखेरीज कुलूप सोडत नाही. गाडी अजून लांब असेल, तर मात्र स्टेशन मास्तर फाटक आधी मोकळे करून घेऊ शकतो. म्हणून माझा आग्रह असा, की तालुक्याच्या दवाखान्याने स्टेशन मास्तरांच्या कार्यालयाचा फोन आणि फाटकाचा क्रमांक रुग्णवाहिकेच्या चालकांकडे आधीच देऊन ठेवावा, आणि पर्यायी रस्ता ठरवून ठेवावा. तो फोन फाटकापाशी पोहोचल्यावर करायचा नाही, दवाखान्यातून निघतानाच करायचा.

दांड्याखालून दुचाकी वाकवून नेली तर दंड होतो का?

होतो. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरल्याबद्दल रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद, 1,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बंद फाटक स्वतः उघडले तर कलम 160 प्रमाणे 3 वर्षांपर्यंत, तोडले तर 5 वर्षांपर्यंत कैद. पण मला शिक्षेपेक्षा दुसऱ्या गाडीची भीती जास्त वाटते. दुहेरी मार्गावर समोरची गाडी गेली की माणूस लगेच पुढे घुसतो, आणि तिच्या आडून उलट दिशेने येणारी गाडी त्याला दिसतच नाही.

गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन फाटक ओलांडतो. रुळावर ट्रॅक्टर बंद पडला तर?

हा प्रश्न आला याचे फार बरे वाटले. 3 फेब्रुवारी 2005 रोजी नागपूरजवळ कन्हान येथे बिगर-पहारा फाटकावर लग्नाच्या वऱ्हाडाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला गाडीने उडवले आणि 50 हून अधिक माणसे गेली. ब्रॉडगेजवरची तशी फाटके 2019 च्या सुरुवातीपर्यंत संपवली गेली, पण रुळावर बंद पडणारा ट्रॅक्टर गेटमनच्या फाटकावरही बंद पडतोच.

पलीकडे दोन्ही ट्रॉल्या मावतील एवढी जागा दिसल्याशिवाय चाक रुळावर घालू नका. खालचा गिअर आधीच टाका, रुळावर बदलू नका. विजेच्या मार्गावर फाटकाच्या अलीकडे उंचीची कमान असते. तिला ऊस घासत असेल तर तसेच पुढे जाऊ नका, वरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात.

बंद पडलाच तर आधी सगळ्यांना खाली उतरवा आणि गेटमनला हाक मारा. ट्रॅक्टर ढकलत बसू नका. सिग्नल लाल करवणे, लाल झेंडी वा दिवा दाखवणे आणि गरज पडल्यास 600 व 1,200 मीटरवर रुळावर आवाजी फटाके लावणे हे त्याचे काम आहे. त्यासाठी त्याला मिळणारे प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

उड्डाणपूल कधी होणार? आणि झाल्यावर फाटक राहील का?

दिवसाच्या गाड्यांची संख्या गुणिले रस्त्यावरच्या वाहनांची, असा गुणाकार काढतात. तो 1 लाखावर गेला की रेल्वे आणि राज्य सरकार यांच्या भागीदारीतल्या पुलाचा दावा भक्कम होतो. पूल झाला की फाटक सहसा कायमचे बंद होते. बंद झालेल्या फाटकातून वाट काढणे किती महागात पडते, ते मार्च 2025 मध्ये जळगाव जिल्ह्यात बोदवडला दिसले. अमरावती एक्स्प्रेस तशाच जागी ट्रकवर आदळली.

गावकऱ्यांनी एक गोष्ट आत्ताच मागावी. चालणाऱ्यांना, सायकलवाल्या मुलांना आणि बैलगाडीला पुलाचा चढ झेपत नाही. त्यांच्यासाठी भुयारी वाट आराखड्यातच असावी, आणि पावसाळ्यात तिच्यातले पाणी कुठे जाणार हे नकाशावर दाखवून घ्यावे. ग्रामसभेचा ठराव त्यानंतरच करावा.