प्रोपेलरच्या हवेचा विमानाच्या पंखावर नेमका काय परिणाम होतो?

भाऊ, नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एटीआर (प्रोपेलरवालं छोटं प्रवासी विमान) उतरताना पाहिलंय ना, प्रोपेलर पंखाच्या पुढंच असतो. त्याच्या मागची हवा जास्त स्पीडनं पंखावरून जाते, आणि लिफ्ट, म्हणजे विमान वर उचलणारा जोर, स्पीडच्या वर्गानुसार (स्पीड गुणिले स्पीड) वाढते, म्हणजे हवा २० टक्के फास्ट तर तेवढ्या भागात लिफ्ट ४४ टक्के जास्त. पण खरी गंमत प्रोपेलर हवेला देतो त्या पिळाची आहे! उन्हाळ्यात कूलरच्या पंख्यापुढं दोरा धरून पहा, सरळ नाही तिरपाच उडतो. तसंच इथं, पातं वर जातं त्या बाजूला हवा पंखाला खालून लागते, हवा पंखाला लागायचा अँगल वाढतो, लिफ्ट वाढते, दुसऱ्या बाजूला कमी होते. लँडिंगला पॉवर एकदम काढली तर पंखावरची ही फास्ट हवा कमी होते, म्हणूनच विमान पटकन खाली बसतं. पॉवर असताना या फास्ट हवेनं पंखाचा ड्रॅग, म्हणजे मागं ओढणारा हवेचा विरोध, तोही थोडा वाढतो.