कर्जतजवळच्या शेतावर चार दिवस राहून जलरंगात निसर्गचित्रं करायची आहेत. सामान काय न्यावं, दिवस कसा आखावा आणि नेमकं काय बिघडतं?

तुम्ही लिहिलंय की घरी फोटोवरून चित्रं बरी जमतात, उघड्यावर कधी बसला नाहीत, डिसेंबरात मित्राच्या शेतघरात चार दिवस मिळताहेत आणि दादरहून लोकलनं जाणार आहात. तर सामानाच्या आधी आकडा ठरवा: दिवसाला दोन चित्रं, तीही पाव शीटवर. पूर्ण इम्पीरियल शीट २२ × ३० इंचांचा असतो, त्याचे चार तुकडे केले की ११ × १५ मिळतात. तीन शीट घ्या, म्हणजे बारा तुकडे होतात. पोचण्याचा दिवस सोडून तीन दिवसांच्या सहा चित्रांचे, बाकीचे जादा किंवा वाया जायचे. अर्धा शीट नेण्याचा मोह होतो, पण फोटोतला उजेड हलत नाही आणि शेतावरचा सूर्य तासाला १५ अंश सरकतो. दीड तासात सावल्या दुसऱ्याच बांधावर गेलेल्या असतात. तेवढ्या वेळात पाव शीट पुरा होतो. अर्ध्या शीटचं आकाश आणि डोंगर होतात, आणि मग खालची शेतं अंदाजानं रंगवली जातात. ते लगेच ओळखू येतं.

डिसेंबर निवडलात हे उत्तम. उन्हाळ्यात 'दुपारी रंगवू नका' म्हणतात ते खरंच आहे. मुंबई-कर्जतच्या अक्षांशावर मेच्या मध्यावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावल्या पायाखाली जातात आणि सगळं सपाट दिसतं. डिसेंबरात मात्र साडेबाराच्या पुढेमागे, सूर्य सर्वात वर असतानासुद्धा, क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंशांवर असतो. पाच मीटर उंच झाडाची सावली तेव्हाही साडेचार मीटर पडते, आणि पडते उत्तरेकडे. म्हणजे दुपारी पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड करून बसलात तर सावल्या आडव्या मिळतात आणि चित्र होतं. दक्षिणेकडे तोंड केलंत तर ऊन डोळ्यांवर येईल, उत्तरेकडे केलंत तर सगळं समोरून उजळलेलं आणि बेचव.

कर्जतला दिशांचं एक गणित आहे, ते आधीच समजून घ्या. पूर्वेला सह्याद्रीची मुख्य रांग, पश्चिमेला माथेरानचा सुमारे ८०० मीटर उंचीचा सपाट माथा, मध्ये उल्हासचं खोरं. सकाळी सह्याद्री उजेडाच्या विरुद्ध बाजूला, त्यामुळे एकसंध निळा-करडा. माथेरानवर त्या वेळी समोरून ऊन असतं आणि कड्यांचे आडवे थर स्पष्ट दिसतात. संध्याकाळी नेमकं उलट. म्हणून धुक्यातला सपाट डोंगर हवा असेल तर सकाळी पूर्वेकडे बघा, कडे-घळी हव्या असतील तर पश्चिमेकडे. पंचांगात सूर्योदय सातच्या सुमाराला असला तरी डोंगर चढून ऊन शेतात यायला आणखी वेळ लागतो. किती, ते तिथल्या पहिल्या सकाळी नुसतं घड्याळ लावून बघा. संध्याकाळीही सूर्य माथेरानआड लवकर जातो, त्यामुळे सहाचा हिशेब धरू नका, पाचलाच चित्र संपत आलेलं हवं.

दादरहून कर्जतला लोकलनं दोन तासांच्या आसपास, पुढे रिक्षा. त्यामुळे सकाळी निघून पोचण्याचा दिवस चित्राचा नाही, हे मान्य करा. त्या दिवशी फक्त फिरायचं, जागा ठरवायच्या, पेन्सिलीनं छोटी टिपणं करायची. उरलेल्या दिवसांचा आराखडा असा: साडेसहाला जागेवर, पावणेसात ते सव्वासात टिपणं, ऊन आलं की नऊपर्यंत पहिलं चित्र. मग न्याहारी. दहा ते साडेबारा गोठा, औत, बैलगाडीचं चाक, कौलं असली पेन्सिलीची कामं. दुसरं चित्र साडेतीन ते पाच. दुपारचं चित्र हे जमलं तर तिसरं, हट्टानं नको. आणि चारही दिवस नव्या जागा शोधत हिंडू नका. दोन जागा पक्क्या करून सकाळ-संध्याकाळ त्याच रंगवा. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी तिथल्या कोटितीर्थ तळ्याचा एकच परिसर वेगवेगळ्या प्रहरी पुन्हा पुन्हा रंगवला, तो काही विषय सुचत नव्हते म्हणून नाही.

रंगाला हात लावण्याआधीची वीस मिनिटं महत्त्वाची. पुठ्ठ्यात चित्राच्याच प्रमाणात खिडकी कापून घ्या. ११ × १५ साठी साडेपाच × साडेसात सेंटिमीटर बसतं. त्यातून बघून तळहाताएवढी तीन टिपणं करा, ४बी पेन्सिलीनं, फक्त तीन छटांत: कागद, करडा, गडद. रेषा नकोत. तिन्हीतल्या एकातच गडद आकार एकमेकांना जोडलेले सापडतील, ते घ्या. मग कागदावर सर्वात आधी सावल्यांच्या कडा आखा आणि बाजूला वेळ लिहा. नंतर सावल्या सरकल्या तरी आखलेल्याच रंगवायच्या. अर्ध्या चित्रात आठच्या सावल्या आणि अर्ध्यात साडेनऊच्या, हा उघड्यावर बसणाऱ्यांचा सर्वात नेहमीचा घोटाळा.

दुसरा घोटाळा भातखाचरांचा, आणि त्यावर जरा सविस्तर लिहितो. खाचरं काढताना बांध सारख्या अंतरानं एकावर एक रचले जातात आणि शेत भिंतीसारखं उभं राहतं. जमिनीवर स्टुलावर बसलं की डोळा साडेतीन फुटांवर असतो. तिथून पायाजवळचं खाचर कागदावर तीन इंच घेत असेल तर त्याच मापाचं पुढचं एक इंच घेतं, त्याच्या पुढचं अर्धा, आणि चौथ्यापासून पुढे बांध म्हणजे नुसत्या रेघा. वळणंही तशीच चपटी होत जातात. जवळचा बांध नागमोडी, लांबचा जवळपास सरळ. प्रत्येक बांधाला दोन बाजू असतात, एक उन्हातली आणि एक सावलीतली, आणि जवळच्या तीन बांधांना ती सावलीची बाजू मिळाली की जमीन आपोआप आडवी पडते. लांबच्या बांधांना ती देऊ नका. एक सोपी तपासणी: चित्र उलटं धरून बघा. खाचरं मागे जाताना दिसली नाहीत तर समोरची पट्टी मोठी करायची आहे.

कापणीनंतरच्या धसकटांचा रंग लोक लिंबू पिवळा लावतात आणि चित्र कॅलेंडर होतं. रॉ सिएना भरपूर पाण्यात, जवळच्या पट्टीत बर्न्ट सिएनाचा ठिपका, लांब जाताना त्यात कोबाल्टचा किंचित स्पर्श, एवढंच. उजेडाच्या विरुद्ध बघताना तेच धसकट कडांना चमकतं. तिथे कागद कोरा सोडून कोरडा ब्रश फिरवा. सावल्या काळ्या नसतात, त्यांच्यात आकाश उतरतं: अल्ट्रामरीन जास्त, बर्न्ट सिएना कमी, आणि एकाच फटक्यात. मधूनच वालाचे गडद हिरवे तुकडे, आणि कालव्याचं पाणी असेल तिथे उन्हाळी भाताच्या रोपांचे पोपटी चौकोन दिसतील. ट्यूबमधला सॅप ग्रीन तसाच लावलात तर प्लास्टिकचा दिसतो, त्यात बर्न्ट सिएना घालून मोडा. डोंगराला कोबाल्ट आणि लाइट रेड. बास. दहा रंग पुरतात: अल्ट्रामरीन, कोबाल्ट, सेरुलियन, रॉ सिएना, बर्न्ट सिएना, लाइट रेड, गॅम्बोज, लेमन यलो, अ‍ॅलिझरिन क्रिमसन, सॅप ग्रीन. झाडांबद्दल एकच सांगतो, राबासाठी (भाताची रोपं करण्याआधी जमीन भाजायला) दरवर्षी छाटलेली ऐनाची झाडं नीट बघा. उंच सरळ खोड आणि अंगाला लागून फुटलेले गुच्छ, ते छत्रीसारखे काढले की गाव कोकणातलं राहत नाही.

सामान पाठीवर सहा-सात किलोंच्या पुढे नको. कागद ३०० जीएसएम, शंभर टक्के कॉटन, कोल्ड प्रेस्ड, म्हणजे किंचित खरबरीत. स्वस्त लाकडाच्या लगद्याचा कागद उन्हात पाणी धरत नाही, वॉशच्या (पातळ रंगाच्या सपाट थराच्या) मध्येच कडा पडते. ६ मिलिमीटर प्लायचे १२ × १६ इंचांचे दोन बोर्ड, म्हणजे एक वाळतोय तोवर दुसरा मोकळा. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचा स्क्रू पाव इंची असतो. प्लायच्या मागे त्याच मापाचा टी-नट (लाकडात ठोकून बसवायचा चकतीचा नट) सुताराकडून बसवून घ्या, वेगळं ईझल लागत नाही. बोर्डाला १५ अंशांचा उतार, आणि ट्रायपॉडच्या मध्यावर पाण्याची पिशवी लटकवा, नाहीतर पहिल्या झुळकीला सगळं पालथं. ब्रश चार: भरपूर पाणी धरणारा मोठा मॉप, १२ आणि ६ नंबरचे गोल, बारीक रेघांसाठी लांब केसांचा एक रिगर. पाणी दोन लिटर, डबे दोन, एक धुवायला आणि एक स्वच्छ. फवारणीची छोटी बाटली, जुना सुती पंचा, घडीचं स्टूल. छत्री साधी काळी. रंगीबेरंगी छत्रीतून गाळून आलेला उजेड कागदाला रंग देतो आणि तुम्ही त्याची भरपाई करत बसता. कागदावर थेट ऊन घेऊ नका. पांढरा कागद इतका चमकतो की हात आपोआप गडद जातो आणि घरी आणल्यावर चित्र मळकं दिसतं. रंगीत गॉगल अर्थातच नाही.

मुंबईकरांनी एक गोष्ट निघण्याआधी तपासावी: कागद. पावसाळा काढलेला कागद बऱ्याचदा खराब झालेला असतो. दमटपणानं त्यावरचं साइझिंग (पाणी लगेच शोषलं जाऊ नये म्हणून दिलेला लेप) जातं आणि रंग टीपकागदासारखा शोषला जाऊन ठिपके पडतात. वरून कळत नाही. कोपऱ्यावर पातळ निळा वॉश देऊन बघा. नवा कागद आणला की सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद प्लास्टिकमध्ये ठेवा. मध घातलेले रंगही आपल्याकडच्या ओलाव्यात वाळत नाहीत, प्रवासात पॅलेट आडवं झालं की एकमेकांत वाहतात.

डिसेंबरच्या पहाटे दव असतं. बोर्ड उघडा ठेवला तर कागद ओलसर होतो आणि पहिला वॉश वाळता वाळत नाही. घाईनं त्यावर दुसरा दिला की फुलांसारखे कातरलेले डाग उमटतात. म्हणून सकाळी आकाश आणि डोंगर ओल्या कागदावर एकदमच संपवा. दहानंतर उलटा त्रास, वॉश चार-पाच मिनिटांत सुकतो, तेव्हा रंगाचं डबकं आधीच दुप्पट कालवून ठेवा. ओल्या आकाशात किडा चिकटला तर पुसू नका. पूर्ण वाळू द्या आणि नखानं उडवा, डाग राहत नाही. डासांचं मलम किंवा सनस्क्रीन लावलेल्या हातानं कागद धरला की तिथे रंग बसतच नाही, मग बोटाचे ठसे आकाशात दिसतात.

शेतावरचे नियम मित्राच्या घरच्यांना विचारा, पण काही सगळीकडे सारखे. सारवलेल्या खळ्यावर स्टूल टेकवायचं नाही, पायात चपला घेऊन जायचं नाही. नव्यानं लिंपलेल्या बांधावरून चालायचं नाही. पेंढ्याची गंजी चित्रात घेणार असाल तर आधी विचारा, 'दादा, ही उद्या आहे ना इथेच?' अर्धी रंगवून ठेवलेली गंजी दुसऱ्या दिवशी गोठ्यात गेलेली असते. काम करणाऱ्या मावशींचे फोटो न विचारता काढू नका. कोबाल्ट वगैरेचं रंगीत पाणी विहिरीजवळ, पाटात किंवा गुरांच्या पाण्यात ओतायचं नाही, बाटलीत भरून परत आणायचं. मुलं जमतातच. त्यांना मागच्या बाजूला बसवून एकेक कागद दिला की गर्दी शांत होते.

दगडांच्या रचीव बांधात आणि पेंढ्यात हात घालू नका. फुरसं हा विषारी साप या भागात असतो आणि दिसत नाही. कुंपणावर तपकिरी केसाळ शेंगा लटकलेल्या दिसल्या तर ती खाजकुयली, तिच्या वाऱ्याच्या दिशेला बसू नका. आंब्याखाली बसण्याआधी वर लाल मुंग्यांची पानं शिवलेली घरटी आहेत का बघा. घोट्यापर्यंतचे बूट आणि पूर्ण बाह्यांचा सदरा असला की बरंच निभावतं.

परतताना सगळी चित्रं दोन बोर्डांच्या मध्ये ठेवा, दर दोन चित्रांमध्ये कोरा कागद घाला, आणि पिशवी लोकलच्या रॅकवर आडवी ठेवा. रविवारी संध्याकाळी येऊ नका, उभं राहायलाही जागा नसते. घरी आल्यावर ट्यूबलाइटखाली लगेच दुरुस्त्या करायला बसू नका. चार दिवसांनी खिडकीच्या उजेडात बघा आणि फक्त गडद जागा वाढवा, धुतलेलं आकाश पुन्हा छेडू नका.