ऑनर्स घेऊ का? आई नको म्हणते, बाबा घेच म्हणतात

पत्र: मावशी, मी आठवीत असताना आम्ही पिंपरीहून न्यू जर्सीला आलो. आता स्टेट युनिव्हर्सिटीत बायोलॉजीला ॲडमिशन मिळालीय, प्रीमेड, म्हणजे मेडिकलला जायच्या आधीची तयारी, करायचंय. सोबत ऑनर्स प्रोग्रामचंही, म्हणजे निवडक मुलांसाठीच्या जास्त अवघड अभ्यासक्रमाचंही, बोलावणं आलंय. बाबा म्हणतात मेडिकलवाले हेच बघतात, त्यांनी मंडळात सगळ्यांना सांगूनही टाकलंय. आई म्हणते उगाच लोड नको, जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, पडला तर सगळंच जाईल. ऑनर्समध्ये साथीच्या रोगांच्या इतिहासावर एक सेमिनार आहे, तो मला फार आवडलाय, सिलॅबस दोनदा वाचला. १ मेपर्यंत कळवायचंय. काय करू?
– एडिसनची गोंधळलेली

अगं, आधी अभिनंदन! या सगळ्या चर्चेत ते राहूनच गेलेलं दिसतंय.

आता सरळच सांगते, नुसतं ऑनर्स लिहिलंय म्हणून मेडिकल स्कूल कुणाला घेत नाही. तू एमडीसाठी अर्ज करशील तो बहुतेक एएमकॅसमधून, म्हणजे मेडिकल स्कूल्सच्या सामायिक अर्जातून, आणि तिथे ते तुझे ग्रेड स्वतः परत मोजतात, सगळ्या विषयांचा एक जीपीए आणि बायो-केमिस्ट्री-फिजिक्स-मॅथ्सचा वेगळा, आणि त्यात ऑनर्स केमिस्ट्रीतला बी आणि साध्या केमिस्ट्रीतला बी अगदी सारखाच. हायस्कूलला अवघड कोर्सला जास्त वजन देणारा वेटेड जीपीए असायचा ना, ते आता विसर. विषय परत घेतलास तरी जुना ग्रेड जात नाही, दोन्ही धरतात. त्यामुळे आई घाबरते ते उगाच नाही.

पण म्हणून लगेच नाही म्हणू नकोस, कारण ऑनर्सचा खरा फायदा दुसरीकडेच आहे. मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाच्या बायोच्या लेक्चरला तीनशे-तीनशे मुलं बसतात, ऑफिस अवर्सला दाराबाहेर रांग, तुझा नंबर येईपर्यंत प्रोफेसर निघायच्या तयारीत, आणि तीन वर्षांनी त्यांच्याकडेच तू शिफारसपत्र मागणार, ते बिचारे काय लिहिणार, मुलीला ए मिळाला होता एवढंच. मेडिकल स्कूल्स साधारण दोन पत्रं सायन्सच्या प्रोफेसरांची आणि एक बाहेरच्या विषयाचं मागतात. पंधरा-वीस जणांच्या सेमिनारमध्ये तू दर आठवड्याला बोलणार, पेपर लिहिणार, तर हे बाहेरच्या विषयाचं पत्र तिथून चांगलं मिळू शकतं. दुसरं म्हणजे बऱ्याच ऑनर्सवाल्यांना रजिस्ट्रेशन आधी उघडतं. ऐकायला छोटं वाटतं, पण ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या सोयीच्या लॅब भराभर भरतात, मग उरते ती संध्याकाळची, आणि नेमकी हॉस्पिटलमधली तुझी व्हॉलंटियरिंगची शिफ्ट तेव्हाच असते.

माझं मत म्हणशील तर घे, पण एका अटीवर. ऑनर्सचे क्रेडिट सायन्सच्या बाहेर घेता आले पाहिजेत. तो इतिहासाचा सेमिनार पहिल्याच सेमिस्टरला घे, केमिस्ट्री आणि पुढे ऑरगॅनिक मात्र साध्या सेक्शनमध्ये कर. ऑनर्स केमिस्ट्री घ्यावीच लागेल असं हँडबुकमध्ये असेल तर सरळ नाही कळव, बाबांचं मी बघते.

हँडबुक नीट वाच गं, ब्रोशर नाही, हँडबुक. जीपीए किती राखावा लागतो, बऱ्याच ठिकाणी ३.५ च्या आसपास असतो, तो खाली गेला तर एक सेमिस्टर सांभाळून घेतात की लगेच काढतात, मध्येच सोडलं तर चालतं का, आणि मुख्य म्हणजे तुझी स्कॉलरशिप ऑनर्सला बांधलेली आहे का, कारण तसं असेल तर हा पैशांचाही प्रश्न आहे आणि तो आईबाबांसमोर आत्ताच मांडायला हवा. थीसिसचंही, म्हणजे मोठ्या संशोधन-निबंधाचंही, विचारून घे. पदवीनंतर वर्षाची गॅप न घेता मेडिकलला जायचं असेल तर तिसऱ्या वर्षी एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा, त्याच उन्हाळ्याच्या सुरुवातीला अर्ज, चौथ्या वर्षी इंटरव्ह्यूसाठी पळापळ, आणि थीसिसही बहुतेक चौथ्याच वर्षी. जमतं मुलांना, पण विषय आवडीचा असेल तरच, नुसतं मेडल मिळवायला केलेला थीसिस फार रडवतो.

बाबांचं काय आहे, त्यांच्या डोक्यात आपली नीट आहे, ७२० पैकी मार्क पडले, रँक आली, विषय संपला. इथे एमकॅट आहेच, ४७२ ते ५२८, पण तो छान येऊनही मुलं राहतात, कारण पेशंटजवळ घालवलेले तास, डॉक्टरांचं शॅडोइंग, म्हणजे त्यांच्यासोबत राहून काम बघणं, पत्रं, इंटरव्ह्यू हे सगळं धरतात. त्यांना हे शांतपणे समजावून सांग. मंडळात सांगून झालंय म्हणून चार वर्षं काढायची नसतात आणि मनापासून सांगते, बाबांनाही तुझे हाल बघवणार नाहीत.

आणखी एक. बायोलॉजीबद्दल तू एक शब्द लिहिला नाहीस आणि सेमिनारचा सिलॅबस दोनदा वाचलास. यात काही वाईट नाही! प्रीमेड हा मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, नसतोच, इतिहास मेजर करूनही मेडिकलला जाता येतं, फक्त बायो, दोन्ही केमिस्ट्री, फिजिक्स वगैरे लागणारे कोर्स लॅबसकट झाले पाहिजेत. आत्ता लगेच काही बदलू नकोस, पण पहिल्या वर्षी हे दार उघडं ठेव.

उद्याच ऑनर्स ऑफिसला मेल कर आणि त्या प्रोग्राममधल्या तिसऱ्या वर्षाच्या प्रीमेड मुलीशी बोलायला मिळेल का विचार. तिला विचार की ऑरगॅनिक कुठल्या सेक्शनला केलं, आणि सोडावंसं कधी वाटलं.

– मावशी