लिम्फोमा कुठवर पसरलाय हे पाहायला सीटी, पेट-सीटी की एमआरआय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६१ वर्षांचे, डायबेटिससाठी मेटफॉर्मिन चालू. मानेतल्या गाठीची बायोप्सी झाली, डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचा एक उग्र प्रकार) निघाला. कॉन्ट्रास्ट सीटीत फक्त मानेत आणि छातीत गाठी दिसल्या. आता पुण्यातले डॉक्टर पेट-सीटी सांगतायत, वर बोन मॅरोच्या, म्हणजे हाडातल्या मगजाच्या बायोप्सीचंही बोलतायत. सीटी झालाय तर पुन्हा पेट कशाला, आणि करायचंच तर एमआरआय का नको?

पेट-सीटी करून घ्या, आणि केमोचा पहिला डोस पडायच्या आत करा. या प्रकारात एमआरआय पेटची जागा घेत नाही. बोन मॅरोचं पेटचा रिपोर्ट हातात आल्यावर ठरवता येतं.

सीटीला आकार दिसतो. गाठीचा लांब व्यास १.५ सेंटिमीटरच्या वर गेला की ती संशयित, त्याच्या आत असेल तर सीटीच्या लेखी ती ठीक. पण लिम्फोमा १ सेंटिमीटरच्या गाठीतही असतो, आणि साध्या सर्दी-खोकल्याने किंवा दाताच्या जंतुसंसर्गानेही गाठ २ सेंटिमीटरची होते. प्लीहा नेहमीच्या आकाराची असूनही आत रोग असू शकतो. हाडाच्या आतला मगज तर सीटीत जवळपास दिसतच नाही. पेटमध्ये शिरेतून एफडीजी नावाची किरणोत्सारी साखर देतात. ज्या पेशी साखर जास्त ओढतात त्या उजळ दिसतात, आणि डिफ्यूज लार्ज बी-सेल व हॉजकिन हे लिम्फोमाचे दोन्ही प्रकार ती हावरटासारखी ओढतात. नुसत्या सीटीवर ठरवलेली स्टेज पेटनंतर साधारण १० ते ३० टक्के रुग्णांत बदलते, बहुतेक वेळा वरच्या दिशेने. त्यातल्या प्रत्येकाचा उपचार बदलतो असं मात्र नाही. तुमच्या वडिलांच्या बाबतीत पाहायचं ते एवढंच, की श्वासपटलाच्या खाली, म्हणजे पोटात, प्लीहेत किंवा जांघेत काही उजळतंय का. तिथे सापडलं तर स्टेज दोनची तीन होते, आणि हाडात किंवा लिव्हरमध्ये सापडलं तर चार. केमो किती सायकल आणि रेडिएशन द्यायचं का, हे त्यावरून ठरतं.

पेट सगळ्याच लिम्फोमांना चालत नाही, हे सहसा कुणी सांगत नाही. लिम्फोमाची स्टेज ठरवण्यासाठी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या लुगानो निकषांप्रमाणे एफडीजी ओढणाऱ्या प्रकारांना पेट-सीटी, पण स्मॉल लिम्फोसायटिक, लिम्फोप्लाझ्मासायटिक, मायकोसिस फंगॉइडिस आणि बहुतांश मार्जिनल झोन प्रकारांना सीटीच. हे आळशी, म्हणजे हळू वाढणारे प्रकार अंगात असूनही पेटवर फिके राहतात. रोग उग्र प्रकारात बदलतोय अशी शंका आली, तर मात्र तिथेही पेटचा उपयोग होतो, कारण बायोप्सी नेमकी कुठून घ्यायची ते सर्वांत उजळ जागा सांगते. म्हणून पॅथॉलॉजीचा अंतिम रिपोर्ट इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीसकट (पेशींचा नेमका प्रकार ओळखणारी तपासणी) येण्याआधी पेटची घाई करू नये. सुईने काढलेल्या नुसत्या एफएनएसीवर तर नकोच.

एमआरआयची जागा वेगळी आहे. मेंदू मुळातच भरपूर साखर वापरतो, त्यामुळे पेटमध्ये सगळा मेंदू उजळतो आणि लहान डाग त्यात हरवतो. डोकेदुखी, एका बाजूची कमजोरी, झटके, दुहेरी दिसणं किंवा पायांत बधिरपणा असेल, तर मेंदूचा आणि मणक्याचा गॅडोलिनियमसह (एमआरआयचं कॉन्ट्रास्ट औषध) एमआरआय लागतो. गरोदर स्त्रीला किरणं टाळायची असतात, तेव्हा गॅडोलिनियम न देता संपूर्ण शरीराचा एमआरआय हा पर्याय आहे. पण त्यातल्या डिफ्यूजन चित्रांत (पेशींची दाटी दाखवणाऱ्या) नॉर्मल प्लीहा आणि नॉर्मल गाठीही पांढऱ्या दिसतात. म्हणजे पुन्हा आकारावरच यावं लागतं.

बोन मॅरो: हॉजकिनमध्ये पेट-सीटी झाली असेल तर मॅरोची बायोप्सी आता सहसा करत नाहीत. डिफ्यूज लार्ज बी-सेलमध्ये पेटवर हाडात ठिकठिकाणी ठळक डाग दिसले तर मॅरो बाधित धरतात, सुई टोचायची गरज राहत नाही. पेट स्वच्छ असेल तरी थोड्या प्रमाणातला किंवा आळशी प्रकारचा रोग मॅरोत लपलेला असू शकतो. त्याने उपचार बदलणार असेल तरच बायोप्सी. हा प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारा, ‘पेट क्लीन आली तर बोन मॅरोने काय बदलेल?’ सगळ्या मणक्यांत एकसारखा मंद उजेड दिसला तर घाबरू नका. रक्त कमी असेल किंवा पांढऱ्या पेशी वाढवायची इंजेक्शनं चालू असतील, तरी मॅरो तसाच दिसतो.

आता पूर्वतयारी. स्कॅन बिघडतात ते जास्त करून इथेच.

किमान ६ तास पोटात काही नको, साधं पाणी भरपूर चालतं. चहा नाही, खोकल्याचं गोड सिरप नाही, खडीसाखर नाही. शुगर २०० च्या खाली हवी. २०० च्या वर गेली की रक्तातली साधी साखर आणि एफडीजी यांची पेशीत शिरायला स्पर्धा लागते आणि गाठ फिकी पडते. मग शुगर उतरवायला घाईघाईत इन्सुलिन टोचलं की सगळं एफडीजी स्नायूंत जातं, आणि चित्रात मांड्या-दंड झळकतात, रोग नाही. इन्सुलिन लागलंच, तर लगेच काम करणारं घ्यावं आणि त्यानंतर एफडीजीपर्यंत निदान ४ तास जाऊ द्यावेत. मेटफॉर्मिनमुळे आतडी अशी उजळतात की पोटातल्या गाठी शोधणं अवघड होतं. शक्य असेल तर ती ४८ तास आधी थांबवतात, पण मनाने थांबवू नका. तेवढ्या काळात शुगर कशी सांभाळायची ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. आदल्या दिवशी पर्वती किंवा तळजाई चढायची नाही, जिम नाही, जड पिशव्या उचलायच्या नाहीत. डिसेंबर-जानेवारीतली पुण्याची सकाळ असेल तर स्वेटर आणि शाल बरोबर असू द्या, कारण थंडी वाजली की मानेतली आणि काखेतली तपकिरी चरबी (ऊब तयार करणारी) एफडीजी ओढते आणि नेमकी लिम्फोमाच्या जागीच उजळते. तरुण, बारीक अंगाच्या लोकांत हे जास्त दिसतं.

इंजेक्शननंतर साधारण तासभर बोलणं-चालणं न करता पडून राहायचं, मोबाइलही नको. मशीनवर जाण्याआधी लघवी करायची, कारण औषध मूत्रातून बाहेर पडतं आणि भरलेलं मूत्राशय ओटीपोटातल्या गाठी झाकतं. इंजेक्शन शिरेबाहेर गळलं असेल तर टेक्निशियनला लगेच सांगा. त्याच बाजूच्या काखेत खोटी गाठ उजळू शकते. त्या हातावर अलीकडे लस घेतली असेल तेही सांगा. त्या दिवशी घरातल्या तान्ह्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना थोडं लांब ठेवा. वेळेबाबत कडक असतात ते उगीच नाही, एफडीजीतला फ्लोरीन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. बाहेरगावाहून येणारं औषध एक्सप्रेसवेवर अडकलं तर आपली पाळी पुढे ढकलली जाते, त्यात सेंटरवाल्यांचा दोष नसतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेटच्या आधी प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन सुरू करू नका. लिम्फोमा स्टेरॉइडने काही दिवसांतच वितळतो आणि मग स्कॅन खरी व्याप्ती दाखवत नाही. श्वास कोंडणारी गाठ असेल तर गोष्ट वेगळी, तिथे स्कॅनसाठी थांबायचं नसतं.

आपल्याकडे खोटा धोका दाखवणारा मोठा गडी म्हणजे टीबी. टीबीच्या आणि सारकॉइडच्या (कॅन्सर नसलेला, गाठी सुजवणारा आजार) गाठीही एफडीजी जोरात ओढतात, आणि पेटला दोघांतला फरक ओळखता येत नाही. छातीत दोन्ही फुफ्फुसांच्या मुळाशी सारख्या गाठी दिसल्या, किंवा एखादाच डाग बाकी चित्राशी जुळत नसेल आणि त्यावर स्टेज चार ठरत असेल, तर त्या जागेची बायोप्सी मागणं योग्य आहे.

सीटी झालीच आहे, तर बुक करताना विचारा की पेटबरोबरचा सीटी कमी डोसचा, कॉन्ट्रास्टशिवाय आहे की पूर्ण कॉन्ट्रास्टचा. नुकताच चांगला कॉन्ट्रास्ट सीटी झाला असेल तर कमी डोसचा सहसा पुरतो. जुन्या सीटीची सीडी सोबत न्या. कॉन्ट्रास्ट पुन्हा देणार असतील तर अलीकडचा क्रिएटिनिन रिपोर्ट लागेल, डायबेटिसमध्ये तर नक्कीच.

पुढे उपचारादरम्यानच्या आणि शेवटच्या पेटमध्ये ‘डोविल’ आकडा येईल, १ ते ५. गाठीची चमक छातीतल्या रक्ताइतकी किंवा कमी असेल तर १-२, त्याहून जास्त पण लिव्हरइतकी किंवा कमी असेल तर ३, लिव्हरपेक्षा मध्यम जास्त ४, फारच जास्त किंवा नवीन गाठ ५. शेवटच्या स्कॅनला सीटीत ३ सेंटिमीटरचा गोळा राहिला तरी चमक १ ते ३ असेल, तर तो बहुधा व्रणच असतो. ४ किंवा ५ आला तर दुसऱ्या ओळीची केमो सुरू करण्याआधी शक्यतो बायोप्सी. हा स्कॅन केमो संपल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी, रेडिएशननंतर ३ महिन्यांनी करतात. लवकर केला तर सूजच उजळते.

सगळे स्कॅन एकाच सेंटरला, त्याच मशीनवर करा, एसयूव्हीचे, म्हणजे चमक मोजणारे आकडे मशीनगणिक बदलतात. दर वेळी फिल्म नको, डायकॉम स्वरूपातली सीडी मागा. मुंबईला टाटाला सेकंड ओपिनियनसाठी जायचं झालं तर बायोप्सीच्या ब्लॉकबरोबर तीच लागते. आणि रोग पूर्ण गेल्यावर कुणी दर सहा महिन्यांनी ‘खात्रीसाठी’ पेट सुचवली, तर लक्षण काय दिसलं ते आधी विचारा. लक्षण नसताना केलेल्या अशा पेटमध्ये फसवे डागच बरेचदा निघतात.