उत्तर: मुलीचा पाय संध्याकाळी वाकडा होतो – आधी डिस्टोनिया कुठला ते शोधा

दादा, तुमची पोस्ट नीट दोनदा वाचली. मुलगी नऊ वर्षांची, दीडेक वर्षापासून चालताना डावं पाऊल आत वळतं, एमआरआय नॉर्मल, एका डॉक्टरांनी सौम्य सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच इजा होऊन येणारा हालचालीचा दोष) सांगितलं, दुसऱ्यांनी शाळेचं टेन्शन म्हटलं, आता न्यूरॉलॉजिस्टनी कागदावर डिस्टोनिया, म्हणजे स्नायू आपोआप आवळून अंग वाकडं होणं, असं लिहून दिलंय. आणि तुम्ही विचारताय की यावर जगात काही संशोधन चालू आहे का, स्टेम सेलच्या (शरीरातल्या मूळ पेशी टोचायच्या) उपचाराचे तीन लाख मागतायत ते भरावेत का, आणि धाकटीला पण हे होईल का. तिन्हीवर लिहिते. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलेलं वाक्य, की सकाळी शाळेत जाताना बऱ्यापैकी नीट चालते आणि संध्याकाळी ट्यूशनहून येताना भिंतीला धरून येते. हे डॉक्टरांच्या कानावर घातलंय का तुम्ही? नसेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करून सांगा.

मी डॉक्टर नाही. मला स्वतःला मानेचा डिस्टोनिया आहे, बरीच वर्षं झाली, आणि या आजारावर जे जे वाचायला मिळेल ते वाचत आलेय. त्यामुळे खाली जे लिहितेय ते घेऊन तुमच्या न्यूरॉलॉजिस्टसमोर बसा, घरच्या घरी काही सुरू करू नका.

पहिली गोष्ट म्हणजे डिस्टोनिया हा एक आजार नाहीये. मेंदूकडून स्नायूंना चुकीचा हुकूम जातो, एकमेकांच्या विरुद्ध ओढणारे स्नायू एकाच वेळी आवळतात आणि मान, हात, पाय किंवा पापण्या पिळल्यासारख्या होतात, एवढंच त्या शब्दातून कळतं. ते कशामुळे होतंय याची कारणं ढीगभर आहेत आणि गेल्या पन्नास वर्षांतलं संशोधन म्हणजे मुख्यतः ही कारणं एकेक करून वेगळी काढण्याचं काम आहे. म्हणून "डिस्टोनियावर औषध निघालं का" याला उत्तर मिळत नाही, "आमच्या मुलीला कुठला डिस्टोनिया आहे" याला मिळतं, आणि काही प्रकारांत ते उत्तर इतकं चांगलं असतं की विश्वास बसत नाही.

तुमच्या वर्णनावरून जो प्रकार तपासायलाच हवा तो जपानच्या मासाया सेगावा या मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टनी १९७१ मध्ये मांडला. त्यांच्याकडे अशी मुलं आली होती की झोपून उठल्यावर बरी असायची आणि दिवस कलेल तसा पाय वाकडा व्हायला लागायचा. पार्किन्सनला देतात ती लेव्होडोपाची गोळी अगदी थोडी दिली की मुलं सरळ चालायला लागायची. याला डोपा रिस्पॉन्सिव्ह डिस्टोनिया म्हणतात, सेगावा आजार पण म्हणतात. बहुतेकदा लहानपणी आणि पायापासून सुरू होतो, मुलांपेक्षा मुलींना जास्त होतो, एमआरआय नॉर्मल येतो आणि सेरेब्रल पाल्सी समजून वर्षानुवर्षं फिजिओथेरपी चालू राहिलेल्या केसेस जगभर आहेत.

आतमध्ये नक्की काय होतं ते १९९४ साली कळलं, तेही जपानमध्येच. जीसीएच१ नावाच्या जीनमध्ये बिघाड असतो, त्या जीनवरून जे एन्झाइम बनतं ते टेट्राहायड्रोबायोप्टेरिन नावाचा पदार्थ तयार करण्याची पहिली पायरी सांभाळतं आणि तो पदार्थ नसेल तर मेंदूला डोपामिन, म्हणजे हालचालीचे निरोप पोचवणारं रसायन, पुरेसं बनवता येत नाही. लेव्होडोपाचं मेंदूत डोपामिनच बनतं, म्हणून ती गोळी लागू पडते. पार्किन्सनमध्ये डोपामिन बनवणाऱ्या पेशीच मरत जातात. इथे चूल शाबूत असते, सरपण कमी पडतं, रात्रीच्या झोपेत थोडं साठतं आणि संध्याकाळपर्यंत संपतं, म्हणून सकाळ बरी आणि संध्याकाळ वाईट. आणि पेशी जिवंत असल्यामुळेच ही गोळी वर्षानुवर्षं, अगदी दशकानुदशकं लागू पडत राहते, पार्किन्सनवाल्यांना काही वर्षांनी गोळीमुळे अंग हलायचा जो त्रास सुरू होतो तो यांना सहसा होत नाही.

त्यामुळे लहानपणी सुरू झालेला आणि कारण न सापडलेला डिस्टोनिया असेल तर लेव्होडोपा देऊन बघायचंच, असं आता सगळीकडे धरलं जातं. तुम्ही स्पष्ट विचारा, "डॉक्टर, लेव्होडोपा ट्रायल देऊन बघायची का?" यात राग येण्यासारखं काही नाही, चांगले डॉक्टर उलट सांगतील का नाही ते. सुरुवात कमी डोसने करतात, हळूहळू वाढवतात आणि किमान महिनाभर तरी बघतात, दोन दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देऊ नका. लागू पडली तरी जेनेटिक टेस्ट करून घ्यावी कारण क्वचित लहान वयातला पार्किन्सन पण पायाच्या डिस्टोनियानेच सुरू होतो आणि त्यालाही ही गोळी लागू पडते, पण पुढचा प्रवास वेगळा असतो.

गोळीने सुरुवातीला मळमळ होऊ शकते. तेव्हा मेडिकलवाल्याकडून उलटीची कुठलीही गोळी आणू नका, विशेषतः पेरिनॉर्म म्हणजे मेटोक्लोप्रामाइड. ते डोपामिनच अडवतं. तेच औषध चांगल्या धडधाकट पोरांना पण कधीकधी एक-दोन दिवसांत तात्पुरता डिस्टोनिया करतं, मान मागे खेचली जाते, डोळे वर जाऊन अडकतात, जबडा वाकडा होतो, बोलता येत नाही, आणि आपल्याकडे खेड्यात अजूनही लोक अशा पोराला बाहेरचं झालं म्हणून देवऋषीकडे नेतात. खरं म्हणजे दवाखान्यात फेनरगनसारखं एक इंजेक्शन दिलं की बहुतेकदा थोड्याच वेळात उतरतं. कुणाच्याही घरी असं झालं तर आधी विचारा, काल-परवा उलटीचं किंवा मानसिक आजाराचं औषध दिलं होतं का. इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठीच सांगतेय.

दुसरं जे सुटता कामा नये ते विल्सन आजार. यात तांबं शरीराबाहेर जात नाही, लिव्हरमध्ये आणि मेंदूत साठत जातं. रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन), चोवीस तासांच्या लघवीतलं कॉपर आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे स्लिट लॅम्पखाली बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट कडं दिसतंय का ते बघणं, एवढ्या तपासण्या आहेत. वेळेत सापडला तर पेनिसिलामाइन, झिंक वगैरेंनी आटोक्यात राहतो, उशीर झाला तर झालेलं नुकसान पूर्ण भरून येत नाही. तुमच्या मुलीचा एमआरआय नॉर्मल आहे म्हणजे शक्यता कमी होते, पण ही तपासणी झालेली असावीच. आणि एक विचारते, राग मानू नका, तुम्ही दोघं नात्यातले आहात का? आपल्या दक्षिण महाराष्ट्रात, मराठवाड्यात मामाची मुलगी करायची रीत आहे, विल्सनसारखे आजार आई आणि वडील दोघांकडून बिघडलेला जीन आला तरच होतात आणि नात्यातल्या लग्नात ती शक्यता वाढते. लोक लाजेने सांगत नाहीत आणि डॉक्टर घाईत विचारत नाहीत. आपणहून सांगा.

आता "टेन्शनमुळे" बद्दल. तुम्हाला जे ऐकावं लागलं ते या आजाराच्या पेशंटना शंभर वर्षं ऐकावं लागलंय. हर्मान ओपेनहाइम यांनी १९११ मध्ये डिस्टोनिया हे नाव दिलं, पण नंतर कित्येक दशकं अशी माणसं मानसोपचारवाल्यांकडेच पाठवली जायची, कारण लक्षणंच चमत्कारिक. मला स्वतःला हनुवटीला नुसतं बोट टेकवलं की मान सरळ होते, जोर लावायचा नाही, नुसता स्पर्श. बघणाऱ्याला नाटकच वाटणार! कुणी पुढे चालताना वाकडं होतं पण उलटं चालताना नाही, कुणाचा हात फक्त लिहिताना आवळतो आणि चहाचा कप व्यवस्थित धरतो, तबलजींना फक्त तबल्यावर बोटं टाकताना होतो, त्यावर आपल्या भारतातल्या न्यूरॉलॉजिस्टनी २००४ साली लिहिलेलं आहे. लंडनच्या डेव्हिड मार्सडेन यांनी सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकात चिकाटीने दाखवून दिलं की हा मेंदूचाच आजार आहे. त्यामुळे तुमच्या लेकीला कुणी नाटक म्हणत असेल, अगदी घरातलं मोठं माणूस असलं तरी, त्याला तिथेच थांबवा. नऊ वर्षांच्या पोरीने ते रोज ऐकायचं नाही.

या संशोधनाला पैसा कसा आला तेही सांगण्यासारखं आहे. कॅनडातल्या व्हँकुव्हरचं बेलझबर्ग कुटुंब, मुलीला डिस्टोनिया निघाला तेव्हा बघतात तर यावर कुणी फारसं कामच करत नव्हतं. त्यांनी १९७६ मध्ये डिस्टोनिया मेडिकल रिसर्च फाउंडेशन काढलं. १९९७ मध्ये लॉरी ओझेलियस, झँड्रा ब्रेकफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीवायटी१ या लहानपणीच्या डिस्टोनियाचा जीन शोधला, जीनमधली फक्त तीन अक्षरं गळालेली असतात. आणि गंमत म्हणजे ती गळालेली असूनही साधारण शंभरातल्या तिसांनाच आजार होतो, बाकीचे आयुष्यभर ठणठणीत. ते का वाचतात याचं उत्तर अजून शोधतायत, आणि ते मिळालं तर औषधाचा रस्ता तिथूनच निघेल असं मला मनापासून वाटतं.

लेव्होडोपा लागू पडली नाही आणि विल्सन नसेल, तर पुढे काय? ट्रायहेक्सिफेनिडिल म्हणजे आपली पॅसिटेन, मुलांना ती मोठ्यांपेक्षा जास्त डोसमध्ये सोसते, बॅक्लोफेन ही स्नायू सैल करणारी गोळी, ठरावीक स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन. बोटॉक्स मुळात सॅन फ्रान्सिस्कोचे डोळ्यांचे सर्जन अॅलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी वापरात आणलं, अमेरिकेत १९८९ मध्ये मंजुरी मिळाली आणि मानेच्या डिस्टोनियासाठी २००० मध्ये. नसेकडून स्नायूला जो रासायनिक निरोप जातो तो अडवतं, आठवड्याभरात जाणवायला लागतं, साधारण तीन महिने टिकतं. यात औषधाइतकाच हात महत्त्वाचा. माझे डॉक्टर सुई ईएमजी मशीनला (स्नायूतली विजेची हालचाल ऐकवणारं यंत्र) जोडून घालतात, सुई शांत स्नायूत असली तर मशीन गप्प असतं आणि ओढणाऱ्या स्नायूत शिरली की खरखर असा आवाज मोठ्ठा येतो, मग तिथेच औषध सोडतात. एकदा घेतलं आणि फरक नाही पडला तर औषध निकामी असं लगेच ठरवू नका, स्नायू चुकला असेल किंवा डोस कमी पडला असेल.

आणि अंगभर पसरला, गोळ्यांना दाद देत नसेल, तर डीबीएस, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन, मेंदूला सौम्य वीज देत राहणारं ऑपरेशन. मेंदूत खोलवर ग्लोबस पॅलिडस नावाच्या भागात बारीक तारा आणि छातीत कातडीखाली बॅटरी. फ्रान्सच्या २००५ मधल्या अभ्यासात २२ पेशंट होते, वर्षभरानंतर त्यांचा त्रास सरासरी निम्म्याहून जास्त कमी झाला. डीवायटी१ वाल्या मुलांना याचा फायदा विशेष चांगला होतो. बटण चालू केलं की लगेच सरळ असं मात्र होत नाही, आठवडे-महिने लागतात. मुंबई, बंगलोर, त्रिवेंद्रमला होतं. पण दादा, तुम्ही अजून तिथून फार लांब आहात, आत्ता त्याची भीती बाळगू नका.

नवीन संशोधनात मला सगळ्यात आशा वाटते ती जीन थेरपीची. एएडीसी नावाचं एन्झाइम जन्मतःच नसलेली मुलं असतात, डोपामिन बनवायची शेवटचीच पायरी अडते, मान सावरत नाही, डोळे तासन् तास वर अडकतात. त्यांच्या मेंदूत थेट चांगला जीन सोडायचा उपचार युरोपात २०२२ ला आणि अमेरिकेत नोव्हेंबर २०२४ ला मंजूर झाला. आजार फार दुर्मिळ, तुमच्या मुलीला तो नाही, तो बाळपणीच दिसतो, पण रस्ता उघडला ना. डीवायटी१ साठी एचआयव्हीचं रिटोनाविर हे औषध उंदरांवर आशादायक दिसलं, पण ते उंदीर आहेत. व्हॉट्सअॅपवर "डिस्टोनियाचं औषध सापडलं" असं आलं की तीन गोष्टी बघा: कुठल्या प्रकारावर, उंदरावर की माणसावर, आणि तुलनेसाठी दुसरा गट होता का.

स्टेम सेलला माझं उत्तर नाही. पैसे भरू नका. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे रक्ताचे काही आजार वगैरे सोडले तर बाकी सगळ्यासाठी स्टेम सेल हा प्रयोग आहे, तो मंजूर ट्रायलमध्येच करायचा आणि पेशंटकडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. त्यांना सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायलची सरकारी नोंदवही) नंबर विचारा, भारतातली प्रत्येक क्लिनिकल ट्रायल तिथे नोंदवावी लागते, वेबसाइटवर कुणालाही फुकट बघता येते. नंबर नसेल आणि पॅकेज असेल, तर ते संशोधन नव्हे. त्या तीन लाखांतला छोटासा भाग जेनेटिक टेस्टला पुरेल.

धाकटीचं. सेगावा प्रकार असेल तर आई किंवा वडील एकाकडूनही येऊ शकतो, म्हणजे धाकटीकडे तो बिघडलेला जीन असण्याची शक्यता निम्मी, पण तो असून काहीच त्रास नसलेले लोक अशा घरांत असतात. म्हणून आत्ता तिच्या तपासण्या नकोत, आधी मोठीचं निदान होऊ दे. फक्त घरात कुणाला, आजी-आत्या-मावशी धरून, म्हातारपणी हात थरथरणं किंवा लहानपणी पाय ओढत चालणं असं काही होतं का ते विचारून ठेवा, आणि ते डॉक्टरांना सांगा.

या आठवड्यात एवढं करा: रोज सकाळी उठल्या उठल्या आणि संध्याकाळी सातच्या सुमारास, त्याच ओसरीत, अनवाणी, मोबाईल एकाच जागी ठेवून तिच्या चालण्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. दुपारी झोपली तर उठल्यावर पण एक. ओपीडीत सकाळी दहाला ती नीट चालणार आणि डॉक्टरांना काहीच दिसणार नाही, म्हणून हे व्हिडिओ हवेतच. ट्रायल सुरू झाली की तसेच काढत राहा आणि महिन्याने काय झालं ते इथे कळवा, वाट बघतेय.